वायर निघाल्यावर

लातूरच्या एका क्लासच्या चौकशी नंबरवर तुम्ही फोन लावला आणि तुमचं वाक्य संपायच्या आत पलीकडून एक बाई उत्तर द्यायला लागली, तर ती रेणुका सोनकांबळे असणार. रोल नंबर सांगा, हां, सोमवारच्या पेपरला हजर होता, मार्क उद्या लागतील, पुढचं विचारा. तिचं बोलणं असं. राग नसतो त्यात, पण घाई असते. खुर्चीतही ती पुरती बसत नाही. एक पाय टेकलेला, दुसरा कायम हलता.

रेणुकाला दिसत नाही. नऊ वर्षांची असताना काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले. वडील त्याआधीच वारले होते. आई कोंडाबाई किनवटला मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करायची. पोरीला तिनं नांदेडला अंध मुलींच्या शाळेत ठेवलं आणि दर महिन्याला रेल्वेनं भेटायला येत राहिली. रेणुका तिथं ब्रेल शिकली, पुढं नांदेडलाच बीसीए झाली. पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम कानाला लावून ती सी ही प्रोग्राम लिहायची भाषा शिकली. त्या भाषेत तिला इतका रस, की बाकीच्या मुली गाणी ऐकायच्या तेव्हा ही दुसऱ्यांनी लिहिलेले प्रोग्राम ऐकत बसायची. पण मुलाखतीला गेली की समोरचा माणूस आधी पाणी विचारायचा, मग "तुम्ही आलात कशा?" विचारायचा, आणि तिथंच मुलाखत संपायची. सात ठिकाणी असं झालं. शेवटी लातूरच्या या क्लासमध्ये फोनवरची नोकरी लागली आणि मायलेकी औसा रोडला दोन खोल्यांत राहायला आल्या.

फोनच्या कामात कान गुंतलेले असतात. एका कानात पालक, दुसऱ्या कानात संगणक, असं करून बघितलं तर डोकं फुटायची वेळ आली. म्हणून समोरची माहिती ती बोटांनी वाचते. त्यासाठी तिच्याकडं ब्रेल पट्टी आहे. लांबट डबा, त्यावर चाळीस अक्षरांची एकच ओळ. संगणक जे पाठवेल त्याप्रमाणे त्या ओळीतले बारीक ठिपके वर येतात, खाली जातात. एका संस्थेनं तिला ती दिलेली, नवी नव्हेच. संगणकाला ती एका वायरनं जोडलेली असते आणि त्या वायरीचं टोक सैल झालेलं होतं.

ती वायर निघाली की कधी कधी नुसती पट्टी बंद पडायची नाही, सगळा संगणक गोठायचा. कधी दहा वेळा निघाली तरी काही व्हायचं नाही आणि अकराव्या वेळी सगळं थिजायचं. फोनही संगणकातूनच चालायचा, तोही जायचा. मग बटण दाबून बंद करायचं, परत चालू करायचं, पाच-सात मिनिटं थांबायचं. महिन्यातून एक-दोनदा हे चालायचं. क्लासचे संगणक सांभाळणारा बालाजी येऊन वायर परत खोचून जायचा.

जुलैतल्या एका मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला फोन आला.

"ताई, मी मारोती भवरे बोलून राहिलो, किनवटकडून. माझी लेक हाय तुमच्याकडं. लुंबिनी."

"रोल नंबर?"

"नंबर न्हाई माहीत. लुंबिनी मारोती भवरे. काल सांजच्याला फोनवर रडत होती. आज तिचा फोनच बंद येऊन राहिला. पोरगी आज क्लासात आली का, तेवढं बगा ताई."

रेणुकानं नाव टाकलं. पट्टीवर ओळ उठली. तिचं बोट पुढं सरकेल तसं ती वाचून सांगत गेली. ही तिची जुनी सवय, समोरच्याला ताटकळत ठेवायचं नाही.

"सकाळी सात पाचला आली आहे. हजर. नऊ चाळीसला गेटमधून बाहेर गेली. कारण..."

ओळ तिथं संपली होती. पुढची ओळ आणायला तिनं अंगठ्यानं बटण दाबलं आणि त्याच वेळी फरशी पुसणाऱ्या मावशींनी टेबल जरा सरकवलं. ठिपके बोटांखालून खाली बसले. सपाट. तिनं परत दाबलं. काही नाही. कानातही एकदम शांत.

"हॅलो? हॅलो काका?"

फोन गेला होता. संगणक गेला होता. किनवटकडच्या त्या माणसाला एवढंच कळलं होतं, की आपली लेक नऊ चाळीसला बाहेर गेली. कुठं, कुणाबरोबर, ते कळायच्या आत सांगणारी बाई गप्प झाली.

संगणक परत सुरू व्हायला त्या दिवशी बारा मिनिटं लागली. नोंदीत कारण स्पष्ट लिहिलेलं होतं. ताप, वॉर्डनसोबत दवाखान्यात. रेणुकानं क्लासच्या वसतिगृहाच्या वॉर्डनला फोन लावला. मुलगी ठीक होती, सलाईन चालू होतं, फोनचं चार्जिंग संपलेलं. रेणुकानं लगेच मारोतींना लावला. नंबर पोहोचेना. परत लावला. परत. किनवटकडच्या जंगलात रेंज नसते, हे तिला माहीत होतं. ती उठली, बसली, परत उठली. पालकांचे बाकीचे फोन घेत, दर पाच मिनिटांनी तो एक नंबर लावत तिनं दुपार काढली. जेवणाचा डबा उघडलाच नाही.

मारोती भवरे संध्याकाळी सहाला क्लासच्या दारात उभे. हातातलं काम टाकून निघालेले, किनवटहून नांदेड, नांदेडहून लातूर, एसटीनं. तोवर मुलगी वसतिगृहात परत आली होती. बापलेकीची भेट झाली. नंतर ते चौकशीच्या खिडकीपाशी आले. रेणुकाला वाटलं, आता माणूस ओरडणार. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"ताई, तुमीच बोलत होता ना सकाळी?"

"हो काका. मशीन बंद पडलं. मी खूप फोन लावले तुम्हाला..."

"हाव, आसंल. मी गाडीत होतो." ते खिडकीच्या कडेला टेकले. "पर तुमी अर्ध्यात कामून थांबलात? पुढलं न्हाई माहीत, एवढं जरी म्हणला असता तरी जिवाला आधार झाला असता. मी सगळ्या वाटंनं काय काय इचार केला, ते तुमाला न्हाई सांगू शकत."

ते गेल्यावर ती कितीतरी वेळ पट्टीवरून बोटं फिरवत राहिली, तिथं काही लिहिलेलं नसताना.

दुसऱ्या दिवशी क्लासचे व्यवस्थापक आप्पासाहेब यांनी तिला बोलावलं. माणूस वाईट नाही. आवाज मऊ, आणि नकोशी गोष्ट सांगायची असली की आणखी मऊ.

"रेणुका मॅडम, काही दिवस तुम्ही फोन घेऊ नका. आपण तुम्हाला निरोप रेकॉर्ड करायचं काम देऊ. सुट्टीची सूचना, बसची वेळ, असं. तुमचा आवाज चांगला आहे. तुमच्याच सोयीसाठी म्हणतोय."

"सर, चूक मशीनची आहे."

"असेल. पण आई-बापाला मशीन कळत नाही ना."

ती बाहेर आली तेव्हा बालाजी चिकटपट्टी घेऊन उभा होता. "मॅडम, वायर चांगली टेप मारून टाकतो. परत निघायची बातच नाही. कशाला फिकीर करायलाव?"

"बालाजी, वायर निघणारच. आज टेप लावशील, उद्या कुणाचा पाय अडकेल. वायर निघाल्यावर काय करायचं, ते मशीनला कळायला पाहिजे. पंख्याची वायर काढली तर पंखा बंद पडतो, घर कोसळतं का?"

"ते खरं हो. पण ते कंपनीवाल्यांनी बघायचं."

"कंपनीच बंद पडली ही पट्टी बनवणारी. कोण बघणार?"

बालाजी हसला. रेणुका हसली नाही. तिच्या डोक्यात चक्र सुरू झालं होतं.

संगणकाच्या तळाशी कर्नेल नावाचा एक मोठा प्रोग्राम असतो. कोणत्या कामाला मेमरीतली किती जागा द्यायची, कोणाची पाळी आधी, कोणतं उपकरण कोण वापरतंय, हा सगळा कारभार तो बघतो. प्रत्येक उपकरणाशी बोलायला त्याच्यात एक छोटा भाग असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. क्लासमधल्या संगणकांवर लिनक्स होतं. त्याचा कर्नेल कुणालाही उघडून वाचता येतो, आणि दुरुस्ती सुचली तर जगभर पसरलेल्या सांभाळणाऱ्यांकडे ईमेलच्या पत्रानं पाठवता येते. रेणुकाला हे कॉलेजपासून माहीत होतं. तिथं आपण हात घालावा, असं मात्र कधी वाटलं नव्हतं. तिथं मोठी माणसं काम करतात, असा तिचा समज.

तिनं पट्टी घरी आणली; घरच्या तिच्या संगणकावरही लिनक्सच होतं. तिच्या पट्टीतल्या चिपचा ड्रायव्हर सातशे ओळींचा निघाला, दहा-बारा वर्षांपूर्वी कुणीतरी लिहून सोडून दिलेला. तिनं तो ऐकून काढला, मग बोटांनी वाचला, मग परत ऐकला. कळल्यासारखं वाटायचं आणि निसटायचं. सगळ्यात मोठी अडचण वेगळीच होती. संगणक कोसळताना काहीतरी नोंद सोडतो, पण गोठलेल्या संगणकावर ती तिला कोण वाचून दाखवणार? बोलणारा प्रोग्रामही त्यातच मेलेला.

यावर तिला एक वाट सापडली. कर्नेलला सांगता येतं, की तुझ्या नोंदी निघतील तशा शेजारच्या संगणकाला पाठवत जा. तिनं बालाजीचा जुना लॅपटॉप मागून आणला आणि दोन्हींच्या मध्ये तार टाकली. शिवाय संगणकाच्या जागेवर बारीक पहारा ठेवणारी सोय चालू करून तिनं मूळ लिखाणातून कर्नेल नव्यानं तयार करायला घेतला. तिच्या संगणकावर त्याला पाच तास लागले. त्या पाच तासांत तिनं घरातले सगळे डबे घासले, दोनदा जिना उतरून वर आली, आईशी भांडली.

मग पट्टी जोडली, वाचायला सुरुवात केली आणि वायर ओढली. काही नाही. परत जोडली, परत ओढली. चौदाव्या वेळी लॅपटॉपवरचा आवाज बोलायला लागला. मेलेल्या संगणकाचे शेवटचे शब्द तो एका सुरात वाचत होता. रेणुका टेबलाला धरून उभीच होती. त्यात एक ओळ होती. मोकळी करून टाकलेली जागा कुणीतरी पुन्हा वापरतंय.

आता तिला समजायला लागलं. वायर निघाली की ड्रायव्हर पट्टीच्या नावानं घेतलेली सगळी जागा त्याच क्षणी परत देऊन टाकत होता. पण बोलणारा-वाचणारा प्रोग्राम तर पट्टी अजून उघडून बसलेला. शिवाय दर वीस मिलिसेकंदांनी उठून पट्टीला 'बटण दाबलं का?' असं विचारणारं एक काम पाठीमागं चालू. पट्टी गेल्याची खबर त्या कामाला कुणी दिलीच नव्हती. ते ठरल्या वेळी उठायचं आणि परत दिलेल्या जागेत हात घालायचं. तोवर ती जागा दुसऱ्याला गेलेली नसली तर निभावून जायचं. गेलेली असली की सगळं कोसळायचं. म्हणूनच कधी व्हायचं, कधी नाही.

तिनं दुरुस्ती लिहिली. हात घालण्याआधी पट्टी आहे का बघ, नसेल तर माघारी फिर. सहा ओळी. पत्र लिहून, इंग्रजी तीनदा तपासून तिनं ते पाठवलं आणि त्या दिवशी ती आईला घेऊन गंजगोलाईच्या बाजारात जाऊन बांगड्या भरून आली. इतकी ती खुशीत होती.

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. कर्नेलच्या या भागाची देखरेख करणारा माणूस कुठल्या देशातला, तिला माहीत नव्हतं. त्यानं आभार मानले होते, चूक खरी आहे असं म्हटलं होतं, आणि एक प्रश्न विचारला होता. तुम्ही बघितलं तेव्हा पट्टी होती, आणि हात घालायच्या आत वायर निघाली, तर?

रेणुका दिवसभर तो प्रश्न घेऊन फिरली. निरोप रेकॉर्ड करताना 'सोमवारी सुट्टी' म्हणायच्या ऐवजी 'मंगळवारी' म्हणाली, सगळं परत करावं लागलं. त्याचं बरोबर होतं. बघणं आणि हात घालणं यांच्यामध्ये फट होती, आणि वायर कधी निघायची ते वायर ठरवते. आपण फट लहान केली, बुजवली नाही. तिला स्वतःची लाज वाटली, आणि त्या माणसाचा रागही आला. ऑटोत बसल्यावर गुडघ्यावर बोटं आपटत ती पुटपुटत राहिली. ऑटोवाला मागं वळून म्हणाला, "ताई, बरं वाटत नाही का?"

मग तिनं कुलूप घालायचं ठरवलं. कर्नेलमध्ये तशी सोय असते. एकानं कुलूप घेतलं की दुसऱ्यानं थांबायचं. वायर निघाली की ड्रायव्हरनं कुलूप घ्यावं, 'पट्टी गेली' अशी खूण करावी, आणि ते मागचं काम पूर्ण थांबेपर्यंत वाट बघावी. बरोबर वाटलं. वायर ओढली, आणि संगणक पहिल्यापेक्षा वाईट गोठला. लॅपटॉपवर एक शब्द नाही. तीन दिवस ती त्यात अडकली. खाणं नाही, धड बोलणं नाही. चौथ्या दिवशी आंघोळ करताना तिच्या लक्षात आलं. ड्रायव्हर कुलूप धरून त्या कामाची वाट बघत होता, आणि ते काम त्याच कुलपाची वाट बघत होतं. दोघं एकमेकांसाठी जन्मभर थांबले असते. ती ओल्या केसांनी बाहेर आली आणि सरळ टेबलाशी बसली. खूण करून कुलूप आधी सोडायचं, मग वाट बघायची. क्रम चुकला होता, एवढंच.

आणि जागा? ती लगेच परत द्यायचीच नाही. पट्टी कितीजण धरून आहेत त्याची मोजणी ठेवायची. वायर निघाली तरी शेवटचा धरणारा सोडेपर्यंत जागा राहू द्यायची, मगच परत करायची.

आता हे तपासायचं कसं? स्वतः वायर ओढली की हाताला आधीच माहीत असतं. बोटं नकळत वाचायची थांबतात. तिला कुणीतरी दुसरं हवं होतं. रविवारी दुपारी तिनं कोंडाबाईला वायरीजवळ बसवलं.

"माय, मी वाचत राहते. तुझ्या मनाला येईल तेव्हा ही ओढायची."

"बिघडंल की ग."

"बिघडू दे."

रेणुका वाचायला लागली. थोडा वेळ गेला. कोंडाबाई म्हणाली, "वढू का?"

"माय! विचारायचं नाही. विचारलंस तर अचानक कसं होईल?"

"आता आसं कसं, न सांगता कुणाचं वढून घ्यावं." तिला ते खरंच पटत नव्हतं. मग ती शेंगा फोडत बसली. बोलता बोलता शेजारणीच्या सुनेचा विषय निघाला, त्यावरून रेणुकाच्या लग्नाचा निघाला, रेणुका म्हणाली, मला नाही करायचं, आणि कोंडाबाईनं रागानं वायर खस्सकन ओढली. ठिपके बसले. कानात संगणकाचा आवाज आला, पट्टीची जोडणी तुटली. आवाज आला म्हणजे संगणक जिवंत होता. वायर परत लावली, ठिपके वर आले.

"परत, माय. परत!"

मग कोंडाबाईचा हात बसला. कधी सलग तीनदा, कधी अर्धा तास काहीच नाही. वाचताना, लिहिताना, बटण दाबलेलं असताना. रेणुका मोजत होती. दोनशे चाळीसपर्यंत एकदाही काही झालं नाही. आई म्हणाली, आता माझं मनगट गेलं.

दुसरं पत्र गेलं. या वेळी उत्तर यायला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत रेणुकानं किती वेळा पत्रपेटी उघडून बघितली याला गणती नाही. क्लासमध्ये तिच्या जागी फोनवर पुनम नावाची मुलगी आली होती. तिचा आवाज भिंतीपलीकडून ऐकू यायचा. "थांबा हं, बघते, थांबा हं." रेणुकाला वाटायचं, उठून जाऊन सांगावं, थांबा म्हणून सोडू नकोस, बोलत राहा. ती जायची नाही.

उत्तर आलं. क्रम बरोबर आहे, मोजणी बरोबर आहे, छान काम. फक्त एक राहिलंय. समजा एखादा प्रोग्राम पट्टीकडून काही येईल म्हणून झोपून वाट बघतोय, आणि तेवढ्यात वायर निघाली. आता तिकडून कधीच काही येणार नाही. त्याला कोण उठवणार?

रेणुकानं ते एकदाच ऐकलं. परत ऐकायची गरज पडली नाही. किनवटकडचा तो माणूस फोन कानाला लावून उभा होता आणि 'कारण' या शब्दानंतर काहीच आलं नाही. पुढलं न्हाई माहीत, एवढं जरी म्हणला असता. इतके दिवस ती संगणक कसा वाचवायचा याच्याच मागं होती. जो वाट बघत थांबलाय त्याला 'ते आता नाही' असं सांगायचं राहून गेलं होतं. तिच्या कामात ते राहावं, याचं तिला फार वाईट वाटलं. ती उठून गॅलरीत गेली, कठडा धरून उभी राहिली. खालून डाळ मिलचा ट्रक गेला. मग आत येऊन तिनं चार ओळी लिहिल्या. 'पट्टी गेली' अशी खूण केल्यावर वाट बघणाऱ्या सगळ्यांना उठवायचं आणि प्रत्येकाला उपकरण नसल्याचं उत्तर द्यायचं. कुणालाही ताटकळत सोडायचं नाही.

तिसऱ्या पत्रातली दुरुस्ती त्यानं कर्नेलमध्ये घेतली. एका ओळीत कळवलं, घेतलं, धन्यवाद. तिला वाटलं होतं आपण उड्या मारू. झालं उलटंच. ती दुपारभर झोपली.

ती दुरुस्ती सगळीकडं पोहोचायला काही महिने लागणार होते. बालाजीनं क्लासमधल्या तिच्या जुन्या संगणकावर मात्र तिचा कर्नेल लगेच बसवून दिला आणि रेणुका आप्पासाहेबांकडे गेली.

"सर, पाच मिनिटं द्या. मी फोनवर बोलते, तुम्ही वायर ओढा. वाटेल तेव्हा. मला सांगू नका."

आप्पासाहेब संकोचले. पुनमनं शेजारच्या खोलीतून पालक बनून फोन लावला. रेणुका वाचून सांगायला लागली, "हां, पहिल्या पेपरला हजर, दुसऱ्या पेपरला..." आप्पासाहेबांनी तिथंच ओढली. वाक्याच्या मधोमध. रेणुका क्षणभर अडखळली, मग म्हणाली, "एक मिनिट ताई, माझं वाचायचं यंत्र निघालंय, मी फोनवरच आहे, जाऊ नका." एका हातानं तिनं वायर चाचपून खोचली. ठिपके उठले. "दुसऱ्या पेपरला गैरहजर. कारण, बहिणीचं लग्न."

आप्पासाहेबांनी आणखी दोनदा ओढली. शेवटी म्हणाले, "हे तुम्ही केलं?"

"हो."

"बालाजीनं मदत केली असेल."

"लॅपटॉप दिला त्यानं," रेणुका म्हणाली. दारात उभा असलेला बालाजी म्हणाला, "सर, मला तर त्यातलं अक्षर कळालं नाही."

जागा सगळी परत मिळाली नाही. पुनमला घेतलं होतं, तिला काढायचं कसं? आता सकाळची पाळी रेणुकाची आणि दुपारची पुनमची. रेणुकाला हे अर्धं मिळणं खटकतं. ते ती लपवतही नाही. पण पुनमशी तिचं जमलं. पुनम आता 'थांबा हं' म्हणत नाही.

हिवाळ्यात त्या देखरेख करणाऱ्या माणसाचं आणखी एक पत्र आलं. त्याच घराण्यातल्या दुसऱ्या चिपचा ड्रायव्हर आहे, ती वजनकाट्यांत असते, तिथंही अशीच गडबड दिसते, वेळ असेल तर बघाल का? रेणुकानं दोन दिवस उत्तर दिलं नाही. काटा कुठून आणायचा? तिसऱ्या दिवशी पाळी संपल्यावर ती ऑटो करून मार्केट यार्डात गेली, विचारत विचारत गुरुबसप्पा नावाच्या आडत्याच्या दुकानात पोहोचली. त्यांचा काटा संगणकाला जोडलेला होता. तो त्याच चिपचा निघाला.

"काय बिघडलंय का काट्यात?" गुरुबसप्पांनी विचारलं.

"नाही. चालू असताना वायर ओढून बघायचीय. शंभरेक वेळा."

त्यांनी तिच्याकडं बघितलं, मग बाहेर लागलेल्या सोयाबीनच्या पोत्यांकडं. "आज न्हाई जमायचं. सौदे चालू हायेत. बुधवारी दुपारून या, काटा रिकामा असतोय."

"बुधवारी किती वाजता?" रेणुका म्हणाली. "आणि त्याआधी एकदाच ओढून बघू का?"